वाढणाऱ्याचे हात



गेल्या उन्हाळ्यात भालकी तालुक्यातील एका परिचित घरी आम्ही भेटीस गेलो असता तेथे विलक्षण शांतता दिसली. घरात कोणी आजारी नव्हते, की कर्जाची नोटीस आलेली नव्हती. घडले होते ते इतकेच, की बसवकल्याणकडून थोरल्या मुलाला आलेली सोयरीक ऐन सुपारीच्या तोंडावर फिरली होती. मुलगा चोवीस वर्षांचा, निर्व्यसनी, हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेतलेला, हैदराबादेस नोकरीस. मुलीकडच्यांनी चौकशी केली, तेव्हा तो एका जपानी उपाहारगृहात ‘वेटर’ आहे असे त्यांस कळले. आणि ‘ताटे उचलणाऱ्याच्या घरी आमची मुलगी देणे नाही’ असा निरोप आला.

“फादर, तुम्हीच सांगा,” ती माउली आम्हांस म्हणाली, “रान गहाण टाकून लेकराला शिकवलं. अन् लेकरू काय करतंय, तर लोकांची उष्टी काढतंय. त्यात ते कच्चे मासे खाणारे लोक! सोयऱ्यांत तोंड कसं दाखवू?”

बाप काही बोलला नाही. मुलगाही मान खाली घालून बसला होता. आम्हांस वेशीपर्यंत पोहोचवावयास तो आला, तेव्हा म्हणाला, “फादर, तुम्ही एकदा येऊन बघा. बघून सोड म्हणालात, तर सोडतो.”

खरे सांगावयाचे तर त्या माउलीच्या प्रश्नाला आम्हांस तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. कारण आमचेही वर्तन निर्दोष नव्हते. बसस्थानकावरील हॉटेलात शिरल्यावर ‘ए पोरा, इकडे ये, चहा आण,’ असे आम्हीही आजवर अनेकदा म्हटले आहे. तो पोरगा कोणाचा, त्याचे नाव काय, याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती.

पुढे श्रावणात काही कामानिमित्त हैदराबादेस जाणे झाले. १९५६ पर्यंत आपले दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, आणि राज्ये बदलली तरी पोटापाण्याची वाट काही बदललेली नाही. बीदर, औराद, भालकी, हुमनाबाद, आळंद येथील मुले आजही शिक्षण संपताच तिकडचीच गाडी धरतात. मुलाला निरोप धाडला. दुपारची गर्दी ओसरल्यावर त्याने आम्हांस बोलाविले. ‘बिल मी देतो’ असा त्याचा हट्ट होता; पण दरपत्रक पाहिल्यावर तो हट्ट आम्ही चालू दिला नाही. त्या एका जेवणाच्या पैशांत आपल्याकडे एका घराचा आठवडी बाजार होतो.

आत पाऊल टाकताच तेथील सर्व सेवकांनी एका सुरात जपानी भाषेत स्वागत केले. बसल्याबरोबर गरम पाण्यात भिजवून पिळलेला लहानसा टॉवेल हात पुसण्यास आला. मागोमाग साखर व दूध नसलेला हिरवट चहा आला. बसण्याची जागा एका लांब लाकडी फळीसमोर होती, आणि फळीपलीकडे आचारी आमच्या डोळ्यांदेखत काम करीत होता. स्वयंपाकघर भिंतीआड नव्हते. हात, सुरी, फळी, फडके, सारे गिऱ्हाइकाच्या दृष्टीसमोर. ‘स्वयंपाकघर दाखवावयास जो भीत नाही त्याच्याकडे जेवावे,’ असे आमची आजी म्हणत असे. तिचे बोल तेथे आठवले.

आता ‘सुशी’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्या गावी त्याविषयी फार गैरसमज आहेत. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे मुळात आंबट भात. आखूड दाण्याचा, किंचित चिकट होणारा तांदूळ शिजवितात, त्यात शिरका, साखर व मीठ कालवितात, आणि तो वारा घालून कोमट करतात. त्या भाताच्या बोटाएवढ्या मुटक्यावर माशाची पातळ चकती ठेवितात. अथवा समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या काळपट पत्र्यात भात, काकडी, मासा गुंडाळून त्याचे काप करतात. भाताविना नुसत्या कच्च्या माशाच्या चकत्या असतात, त्यांचे नाव निराळे. त्यांस ‘साशिमी’ म्हणतात. शिजविलेला झिंगा, अंड्याची गोडसर पोळी, नुसती काकडी यांचीही सुशी होते. म्हणजे मांसमत्स्य न खाणारा मनुष्यही तेथून उपाशी परतत नाही.

या पदार्थाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. प्राचीन काळी मासे टिकविण्यासाठी ते मीठ लावून शिजलेल्या भातात दडपून ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणाने मासा महिनोन् महिने टिके. मग भात टाकून देऊन मासा खात. जपानातील बिवा सरोवराच्या परिसरात ही जुनी रीत आजही पाळली जाते. पुढे लोक तो भातही खाऊ लागले. मग आंबण्याची वाट न पाहता भातात शिरकाच घालू लागले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो नगरीत, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने वळलेल्या ताज्या सुशीच्या गाड्या रस्तोरस्ती लागल्या. या प्रकाराचे श्रेय हानाया योहेई नावाच्या विक्रेत्याला देण्याची प्रथा आहे. कामावर जाणारे लोक उभ्या उभ्या दोन मुटके खात व पुढे जात. आपल्याकडे मोंढ्यावरील हमाल जशी भजी नि पाव खाऊन पाठीवर पोते घेतो, तशातलाच हा प्रकार. जे अन्न आज बड्या हॉटेलात चांदीच्या मोलाने विकले जाते, त्याचा जन्म हातगाडीवर झालेला आहे. अन्नाला मुळात जात नसते. ती आपण मागाहून चिकटवितो.

त्या काळ्या शेवाळाचीही एक कथा आहे. त्याची शेती जपानी कोळी पिढ्यान् पिढ्या करीत. पण ते बीजरूपाने उन्हाळ्यात कोठे दडते हे कोणास ठाऊक नव्हते, त्यामुळे पीक कधी येई, कधी बुडे. १९४९ साली कॅथलीन ड्र्यू नामक इंग्रज विदुषीने त्याचे जीवनचक्र उलगडले. हे शेवाळ आयुष्यातील एक अवस्था शिंपल्यांच्या कवचात राहून काढते, असे तिने दाखविले. त्या ज्ञानावर पुढे जपानात शेवाळाची भरवशाची शेती उभी राहिली. तिची आठवण म्हणून कुमामोतो प्रांतातील उतो या गावी स्मारक आहे. ही बाई स्वतः कधी जपानला गेली नाही. दूर देशीच्या कोळ्यांना आपल्या कामाचा लाभ होतो आहे, हे पाहण्यासही ती फार काळ राहिली नाही. १९५७ साली ती निवर्तली.

वाचकांतील गृहिणी विचारतील, कच्चा मासा खाऊन दुखणे येत नाही काय? येऊ शकते, म्हणूनच हे काम जाणत्याचे आहे. माशांत कृमी असू शकतात. त्यांच्या नाशासाठी कच्चा खावयाचा मासा शून्याखाली वीस अंश वा त्याहून अधिक थंडीत ठराविक काळ गोठवून ठेवितात. अमेरिकेतील नियमाप्रमाणे त्या थंडीत सात दिवस. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा त्या कामी भरवशाचा नाही. तेव्हा कारंजा जलाशयातील रोहू अथवा मांजरेतील मरळ आणून ‘आम्हीही सुशी करून पाहिली’ असा प्रयोग कोणी कृपया करू नये. गोड्या पाण्यातील कच्चा मासा तर विशेष धोक्याचा. गरोदर स्त्रिया, लहान मुले व अशक्त माणसे यांनी कच्च्या माशाच्या वाटेस जाऊच नये, असा वैद्यकाचा सल्ला आहे. आपले कालवण चुलीवर चांगले रटरटू द्यावे, त्यातच आपले हित आहे.

आम्ही काय खाल्ले, ते सांगतो. पहिला मुटका शिजविलेल्या झिंग्याचा होता. तो सुखाने उतरला. दुसरा कच्च्या रावसासारख्या गुलाबी माशाचा होता. तो उचलताना हात क्षणभर थबकला, हे कबूल केले पाहिजे. पण त्यास उग्र वास मुळीच नव्हता. लोण्यासारखा मऊ पदार्थ कोमट आंबटगोड भाताबरोबर विरघळला. आवडला काय? भाकरी, शेंगाचटणी व भरल्या वांग्यावर वाढलेल्या जिभेला तो परकाच वाटला. पण वाईट लागला असे म्हणता येणार नाही. पोट मात्र भरले नाही, आणि रात्री आम्ही वरणभात मागून घेतला.

आमच्यापेक्षा त्या मुलाचे अनुभव अधिक बोधप्रद होते. वर्षभरात त्याने नाना तऱ्हेची गिऱ्हाइके पाहिली. एक गृहस्थ सहकुटुंब आले. ताट समोर येताच ‘हे गार झाले आहे, गरम करून आण’ म्हणाले. दुसऱ्याने मासा परत धाडून तळून मागविला. एका तरुणाने ताटातील हिरवा गोळा कोथिंबिरीची चटणी समजून एकदम तोंडात टाकला. तो ‘वासाबी’ होता. त्याची झणझण मिरचीसारखी जिभेवर राहत नाही. नाकावाटे थेट मस्तकात चढते. तरुणाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि सोबतचे मित्र हसू लागले. खरा वासाबी हा गार वाहत्या पाण्यात वाढणारा कंद असून तो फार महाग असतो; बहुतेक ठिकाणी मोहरीच्या जातीच्या दुसऱ्या एका झणझणीत मुळाला हिरवा रंग देऊन तेच वाढतात.

“मग तू काय केलेस?” आम्ही विचारले.

“फादर, मी हसलो नाही. पाणी दिलं, अन् हळूच म्हणालो, साहेब, पहिल्यांदा माझंही असंच झालं होतं. मग तेच हसायला लागले.”

या एका उत्तरात आम्हांस त्याच्या विद्येची परीक्षा मिळाली. गरम करून मागणाऱ्या गृहस्थाला त्याने ‘तुम्हांला कळत नाही’ असे म्हटले नाही. त्याने मुलांसाठी गरम रस्सा व तळलेली भाजी आणून दिली आणि सुशी गारच का असते ते मागाहून सांगितले. चार माणसांसमोर दुसऱ्याचे अज्ञान उघडे न पडू देणे, ही साधी गोष्ट नव्हे. मोठमोठ्या विद्वानांना ती साधत नाही. आम्हां धर्मगुरूंना तरी प्रत्येक वेळी कोठे साधते?

सर्वच गिऱ्हाइके मात्र इतकी निरुपद्रवी नसतात. कोणी चुटक्या वाजवून बोलावितो, कोणी आपल्या धंद्यातला राग त्याच्यावर काढतो, कोणी ढीगभर मागवून अर्धे टाकून उठतो. दहा-दहा तास उभे राहून पोटऱ्या भरून येतात. सणावाराला सुट्टी नाही. नाताळच्या रात्री तर सर्वांत जास्त गर्दी. पगार सुरुवातीस बेताचाच. हे सारे त्याने न लपविता सांगितले, आणि आम्हीही ते वाचकांपासून लपवीत नाही.

जपानी लोकांत या सेवेला फार मान आहे. जेवणापूर्वी ते जो शब्द उच्चारतात, त्याचा अर्थ ‘मी नम्रपणे स्वीकारतो’ असा आहे. जेवणानंतर ‘गोचिसोसामा’ म्हणतात. त्या शब्दातील ‘चिसो’ या भागाचा मूळ अर्थ धावाधाव करणे. माझ्या जेवणासाठी कोणीतरी धावाधाव केली, त्याबद्दल मी ऋणी आहे, असा त्यातील भाव. तेथे सेवकाला वर चार पैसे देण्याची चाल नाही. चांगली सेवा हा कामाचाच भाग, असे मानतात.

तोक्योच्या गिंझा भागात भुयारी रेल्वे स्थानकालगतच्या तळघरात जिरो ओनो नामक कारागिराचे दुकान जगप्रसिद्ध झाले. १९२५ साली जन्मलेल्या या गृहस्थाने लहानपणीच घर सोडून उपाहारगृहात काम धरले होते. दुकानात बसण्याच्या जागा अवघ्या दहा. २००७ साली एका नामांकित युरोपीय मार्गदर्शिकेने त्याला आपला सर्वोच्च मान, तीन तारे दिले. २०१४ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तेथे जेवले. २०११ साली त्याच्यावर एक माहितीपट निघाला. त्यात दिसते, की नव्या उमेदवाराला तेथे प्रथम सुरी देत नाहीत. हात भाजतील इतके गरम टॉवेल पिळावयास देतात. टॉवेल नीट पिळता आल्यावाचून मासळीला हात लावू देत नाहीत. अंड्याची पोळी करावयास शिकणाऱ्या एका शिष्याच्या दोनशेहून अधिक पोळ्या नापसंत झाल्या, आणि जेव्हा एक पसंत पडली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. गिऱ्हाईक डावखुरे आहे असे दिसले, की मुटका त्याच्या डाव्या हाताला सोयीचा पडेल असा ठेवितात. ज्याने न मागता आपली सोय ओळखली, त्याला ‘ताट उचलणारा’ म्हणणे कितपत योग्य?

पण वाचकहो, या लेखाचे खरे कारण आणखी एक आहे. ते जपानातले नसून आपल्या मुंबईतले आहे.

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. त्यात २००४ साली ‘वासाबी’ नावाचे जपानी उपाहारगृह सुरू झाले. तेथील वरिष्ठ सेवकाचे नाव थॉमस वर्गीस. वय अठ्ठेचाळीस, त्यातील सुमारे तीस वर्षे ताजच्या सेवेत गेलेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी हॉटेलात शिरले आणि गोळीबार सुरू झाला, तेव्हा वासाबीत पन्नासएक पाहुणे जेवत होते. वर्गीस यांनी सर्वांना मेजांखाली वाकून बसावयास सांगितले, आणि सहकाऱ्यांना त्यांच्याभोवती कडे करून उभे केले. असे सुमारे चार तास गेले. मग सुरक्षारक्षकांनी विचारले, पाहुण्यांना बाहेर काढता येईल काय? जवळच एक चक्राकार जिना होता. वर्गीस यांनी ठरविले, आधी पाहुणे, मग सहकारी, आणि सर्वांत शेवटी मी. त्याच क्रमाने सारे उतरले. शेवटी ते स्वतः उतरले, आणि जिन्याच्या पायथ्याशी गोळ्यांना बळी पडले.

त्या हॉटेलात एकतीस जण प्राणांस मुकले. त्यांपैकी अकरा तेथील कर्मचारी होते. पाहुण्यांना वाचविताना त्यांनी प्राण दिले. बाराशे ते पंधराशे पाहुणे त्या रात्री सुखरूप बाहेर पडले. मागच्या दाराच्या वाटा कर्मचाऱ्यांना तोंडपाठ होत्या. मनात आणते तर तेच प्रथम निसटू शकले असते. स्वयंपाकघरातील आचारी पाहुण्यांच्या आडवे उभे राहिले व त्यांतले कित्येक पडले. टेलिफोनवरील मुली जागा न सोडता खोल्याखोल्यांतील पाहुण्यांना ‘दिवे मालवा, दार उघडू नका’ असे सांगत राहिल्या. हॉटेलचे प्रमुख व्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुले त्याच इमारतीत मृत्युमुखी पडली. तरीही ते पाहुण्यांच्या सुटकेच्या कामावरून हलले नाहीत.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक रोहित देशपांडे व त्यांच्या सहकारी अंजली रैना यांनी या प्रसंगाचा अभ्यास करून २०११ साली लेख प्रसिद्ध केला. त्यांना प्रश्न पडला, ही माणसे अशी वागली कशी? मालकाने ‘मरा’ असा हुकूम तर दिलेला नव्हता. शोध घेता असे आढळले, की हे हॉटेल आपली माणसे बड्या शहरांपेक्षा लहान शहरांतून अधिक घेत असे. मुंबईपेक्षा पुण्याहून, बंगळूरपेक्षा म्हैसूर-मणिपालहून. निवडताना गुणपत्रिकेपेक्षा तीन गोष्टी पाहत. वडीलधाऱ्यांविषयी आदर आहे काय? स्वभाव आनंदी आहे काय? आणि घरची गरज आहे काय? मग इतरत्र बारा महिने असणारे शिक्षण तेथे अठरा महिने चाले. पाहुण्याची आणि सेवकाची दिवसातून चाळीस-पंचेचाळीस वेळा गाठ पडते, आणि बहुतेक वेळा वरिष्ठ तेथे हजर नसतो. तेव्हा त्या चाळीस क्षणी काय करावयाचे ते सेवकाने स्वतःच ठरवावे, आणि ते पाहुण्याच्या बाजूने ठरवावे, असे त्यांना शिकविलेले होते.

आम्ही हे वाचले तेव्हा मनात आले, की त्या रात्रीचे धैर्य त्या रात्री आलेले नव्हते. तीस वर्षे जो मनुष्य रोज चाळीस वेळा ‘आधी पाहुणे, मग मी’ असे करीत आला, त्याने जिन्याच्या तोंडाशी पुन्हा तेच केले. पाण्याचा पेला भरताना जी सवय लागली, तीच गोळ्यांच्या वर्षावात टिकली. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी आठवतो, आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या मुलाला ‘ए पोरा’ म्हणतो. या विसंगतीचा विचार प्रथम आम्हीच करावयास हवा.

आपल्या या भूमीला तरी ही शिकवण नवी नाही. बाराव्या शतकात याच कल्याण नगरीत बसवेश्वरांनी ‘कायक’ व ‘दासोह’ यांचा महिमा गायिला. प्रामाणिक काम हीच पूजा, आणि कमाईतून इतरांना वाढणे हे कर्तव्य. त्यांच्या मंडळीत परीट माचिदेव होते, नावाडी चौडय्या होते, चर्मकार हरळय्या होते. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या देवालयात दासोहाची परंपरा आहे. बीदरच्या नानक झिऱ्याला लंगरात कोणीही बसावे, आणि वाढणारा कधी कधी मोठा व्यापारी असतो. आपल्या कलबुर्गीच्या खानावळीतली मावशी ज्वारीची गरम भाकरी ताटात टाकून ‘आणखी अर्धी घ्या’ म्हणते, तेव्हा तिच्या आग्रहात पैशांचा हिशेब कमी आणि माया अधिक असते. ज्या मातीत वाढण्याला इतका मान, तेथेच ‘वेटर’ या शब्दापायी सोयरीक मोडावी, हे आम्हांस समजेनासे झाले आहे.

यातून आम्ही काही गोष्टी सुचवितो.

आईबापांनी मुलाच्या कामाचे नाव न पाहता ते काम प्रामाणिक आहे की नाही, पगार वेळेवर व कायद्याप्रमाणे मिळतो की नाही, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही, राहण्याची सोय माणसासारखी आहे की नाही, हे पाहावे. आखातात हॉटेलात लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालाच्या हाती रान गहाण टाकून रक्कम देऊ नये. सरकारी नोंदणी असलेल्या संस्थेखेरीज व्यवहार करू नये.

या धंद्यात गेलेल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे, की नम्रता व लाचारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अपमान झाला तर वरिष्ठांना शांतपणे सांगावे. सेवा करणाऱ्यालाही मान असतो. आणि रात्री उशिरा काम संपले तरी आठवड्यातून एकदा घरी दूरध्वनी करावा.

आणि आपण सर्वांनी, जे कधी ना कधी गिऱ्हाईक होतो, चुटक्या वाजविणे सोडावे, खाऊ तेवढेच मागवावे, आणि उठताना वाढणाऱ्याला दोन गोड शब्द बोलावेत. तक्रार असेल तर जरूर करावी, पण ती पदार्थाची करावी. माणसाची नालस्ती करू नये.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलगा दोन दिवसांच्या रजेवर आलेला होता. आम्ही त्या माउलीला थॉमस वर्गीस यांची हकिकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एवढेच विचारले, “फादर, त्याच्या मायला काय वाटलं असंल?” आम्हांस उत्तर देता आले नाही.

जेवणाची वेळ झाली. मुलगा उठला व त्याने पाने मांडली. आधी आम्हांस, मग बापाला, मग शेजारच्या म्हाताऱ्या आजीला त्याने वाढले. आजीला दात नाहीत, म्हणून तिची भाकरी त्याने न सांगता दुधात कुस्करून दिली. आई दाराशी उभी राहून पाहत होती. शेवटी ती म्हणाली, “बस आता तूही. मी वाढते.” पण तो म्हणाला, “माय, आज तू बस.” ती बसली. बाप प्रथमच बोलला. म्हणाला, “पोरगं नीट वाढतंय.”

नोकरी सोड असे आम्ही त्याला सांगितले नाही. सोयरीक अद्याप जुळलेली नाही. वाचकांपैकी कोणाकडे शोभेसे स्थळ असेल आणि चौकशी करावयाची असेल, तर त्यांनी खुशाल आमच्याकडे यावे. त्या मुलाच्या हातचे आम्ही दोनदा जेवलो आहोत. जे पाहिले ते सांगू.